आपत्ती वैद्यकातलं प्रगत प्रशिक्षण: किनाऱ्यावरच्या डॉक्टरने नेमकं काय शिकावं?

प्रश्न: उधाणभरती

३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, खाडी जवळ, मोठं गाव म्हणजे घाटापलीकडे. शिक्षण एमबीबीएस आणि फॅमिली मेडिसिनचं डीएनबी, बीएलएस-एसीएलएस (हृदय बंद पडल्यावरच्या जीवरक्षणाचे कोर्स) झालेलं. पुढच्या पावसाळ्याआधी सात-आठ महिने अभ्यासाला आहेत, पण सलग रजा फार तर तीन आठवड्यांची. आपत्ती वैद्यक आणि बचाव पथकांसोबत करायचं वैद्यक, म्हणजे ज्याला ऑपरेशनल मेडिसिन म्हणतात ते, नीट शिकायचं आहे.

एटीएलएस (गंभीर जखमीवरचे उपचार), मिम्स (मोठ्या दुर्घटनेचं वैद्यकीय व्यवस्थापन), एडीएलएस (आपत्तीतलं जीवरक्षण), टीसीसीसी (लढाईतल्या जखमींवरचे उपचार), युरोपातली मास्टर्स अशी नावं समोर आहेत. क्रम काय लावावा? यातलं कोकणात लागतं किती? आणि कुठल्याच कोर्सात नाही, पण इथे हमखास लागतं, असं काय आहे?

"आधी कोर्स करा, मग कळेल" असं उत्तर नको. डोस, आकडे आणि चूक कुठे होते ते सांगा.

---

घाटवळण

कोर्स निवडण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळे कोर्स जिथे लिहिले गेले तिथे रुग्ण पुढे पाठवता येतो. इथे आंबा, कुंभार्ली, वरंध, आंबेनळी, कशेडी यांतला एखादा घाट दरडीने बंद असतो आणि खाली महामार्गावर पाणी असतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली होतं आणि त्याच संध्याकाळी महाड तालुक्यात तळियेवर डोंगर आला. एका दिवसात दोन जिल्हे अडकले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीला गाडीरस्ताच नव्हता, यंत्रं वर चढली नाहीत, माणसांनी हाताने माती उपसली. तेव्हा रेफर करण्यापेक्षा धरून ठेवण्याचं शिक्षण तुम्हाला जास्त लागणार. प्रत्येक कोर्समधून हेच शोधत जा: रुग्ण २४ ते ४८ तास माझ्याकडेच राहिला तर?

आता क्रम.

पहिलं एटीएलएस. तो आपत्तीचा कोर्स नाही, एका रुग्णाचा आहे. पण एबीसीडीई (श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मेंदू, मग अंग उघडून तपासणी हा क्रम) हाताच्या सवयीत नसेल तर पुढचं सगळं वाया. प्रमाणपत्र चार वर्षं चालतं, एसीएलएसचं दोन. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये आणलेला एनईएलएस (आणीबाणीतलं जीवरक्षण) हा सरकारी डॉक्टर आणि परिचारिकांसाठीचा देशी कोर्स आहे. तुमच्या खात्यातून पाठवत असतील तर तो आधी करा, कारण तुमच्या परिचारिकाही त्याच भाषेत बोलतील. एकट्या डॉक्टरने ट्रायज (कोणाला आधी बघायचं त्याची वर्गवारी) शिकून काही होत नाही.

दुसरं मिम्स, तीन दिवसांचं. खरा फरक इथे पडतो. त्यातली सात अक्षरं, सीएससीएटीटीटी: कमांड, सेफ्टी, कम्युनिकेशन, असेसमेंट, ट्रायज, ट्रीटमेंट, ट्रान्सपोर्ट. क्रम मुद्दाम तसा आहे. ट्रायज पाचवं येतं आणि उपचार सहावं. डॉक्टर मंडळी नेमकी उलटी धावतात: घटनास्थळी पोचले की पहिल्या ओरडणाऱ्या माणसाजवळ गुडघे टेकतात, आणि पुढची वीस मिनिटं नियंत्रण कक्षाला कळतच नाही की किती जखमी आहेत. हॉस्पिटलसाठीची त्याची आवृत्ती वेगळी आहे, एचमिम्स. तुमचं काम बहुतेक रुग्णालयातूनच होणार असेल तर ती निवडा.

तिसरं भारतातली चौकट, आणि ती कुठल्याही परदेशी कोर्समध्ये नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, त्याखालचं जिल्हा प्राधिकरण (अध्यक्ष जिल्हाधिकारी), राष्ट्रीय प्राधिकरणाची २००७ ची सामूहिक जखमींवरची आणि २०१० ची इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिमची मार्गदर्शक तत्त्वं. यात एक बारकावा डॉक्टरांच्या ध्यानात येत नाही. या रचनेत 'मेडिकल युनिट' लॉजिस्टिक्स विभागाखाली असतं आणि ते पीडितांसाठी नसतं, बचाव करणाऱ्यांसाठी असतं. जखमींवरचे उपचार ऑपरेशन्सकडे. ऑपरेशनल मेडिसिन म्हणजे मुळात हेच मेडिकल युनिट. तालुक्याला इन्सिडेंट कमांडर प्रांत किंवा तहसीलदार. त्यांच्याशी पहिली ओळख पुराच्या दिवशी होऊ नये.

एडीएलएस आणि त्याचा छोटा भाऊ बीडीएलएस हे अमेरिकन. सराव चांगला, पण बरंचसं मिम्समध्ये येऊन जातं. टीसीसीसी लढाईसाठीचा. त्यातला मार्च हा क्रम (मोठा रक्तस्राव, श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मग थंडी आणि डोकं) आणि टुर्निके (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) एवढं उचला. टुर्निके जखमेच्या वर दोन-तीन इंच, सांध्यावर नाही, वेळ कपाळावर किंवा पट्टीवर लिहायची. युरोपातली आपत्ती वैद्यकाची मास्टर्स वर्षभराची आहे, बहुतेक ऑनलाइन. संशोधन किंवा धोरणात जायचं असेल तर उत्तम. पुढच्या पावसाळ्यासाठी नाही.

आता तुमच्या ३० खाटांचं गणित. जुना ठोकताळा असा: १०० खाटांमागे तासाला सुमारे तीन गंभीर रुग्ण नीट हाताळता येतात. म्हणजे तुमच्याकडे तासाला एक. रात्री दोन परिचारिकांवर त्याहून कमी. हा आकडा तहसीलदारांना आधीच लेखी द्या, नाहीतर टेम्पोभर जखमी तुमच्याच दारात उतरवतील.

आणि ते कसे येतात हेही ठरलेलं असतं. आधी चालते-बोलते जखमी येतात, रिक्षा, दुचाकी, मिळेल त्या गाडीने. खऱ्या अर्थाने लाल असलेले, म्हणजे जीव धोक्यात असलेले, मागून येतात, कारण त्यांना काढायलाच वेळ लागतो. तोवर कॅज्युअल्टीतल्या सगळ्या खाटा हिरव्यांनी, म्हणजे किरकोळ जखमींनी, भरलेल्या असतात. म्हणून हिरव्यांची जागा इमारतीबाहेर: ओपीडीची शेड, शेजारची शाळा. तिथे एक परिचारिका, टीटी, ड्रेसिंग, वेदनाशामक, आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा ट्रायज, कारण पोटातल्या रक्तस्रावाचा माणूस पहिली वीस मिनिटं चालतो.

स्टार्ट ही ट्रायजची पद्धत पाठ असेलच, तरी: चालतो तो हिरवा. श्वास नाही, मार्ग उघडूनही नाही, तर काळा (मृत धरायचा). श्वास मिनिटाला ३० च्या वर, लाल. मनगटाची नाडी नाही किंवा नखावरचा रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त, लाल. साधी आज्ञा पाळत नाही, लाल. उरलेला पिवळा (थोडं थांबू शकणारा). चुकतं ते मुलांमध्ये. श्वास नसलेल्या पण नाडी असलेल्या मुलाला काळा टॅग लावण्याआधी पाच कृत्रिम श्वास द्यायचेच (जम्पस्टार्ट, म्हणजे मुलांसाठीची स्टार्ट), आणि मुलांची श्वासाची मर्यादा १५ च्या खाली किंवा ४५ च्या वर अशी आहे. पावसात आणखी एक अडचण: नखावरचा रंग अंधारात आणि गारठलेल्या हातावर काही सांगत नाही. नाडीवर भरवसा ठेवा.

---

भूलवाला

वरच्यांनी संघटन सांगितलं, मी ढिगाऱ्याखालच्या माणसाचं सांगतो, कारण कोकणात इमारत आणि दरड हीच दोन मोठी कामं. २४ ऑगस्ट २०२० ला महाडला पाच मजली इमारत कोसळली तेव्हा चार वर्षांचा मुलगा १८ तासांहून अधिक वेळाने आणि एक ज्येष्ठ बाई २६ तासांनी जिवंत निघाली. तेव्हा "इतक्या वेळाने कोण जिवंत असणार" हे मनातून काढा आणि बाहेर काढल्यावर काय होतं ते शिका.

स्नायू चार तासांहून जास्त दबलेला असेल (मांडीसारखा मोठा असेल तर त्याआधीही) तर दाब काढल्या क्षणी पोटॅशियम, मायोग्लोबिन (स्नायूतलं प्रथिन), आम्ल रक्तात येतं आणि रक्तातलं पाणी त्या सुजणाऱ्या पायात जातं. माणूस ढिगाऱ्याखाली बोलत असतो आणि स्ट्रेचरवर ठेवल्यावर मरतो. म्हणून सलाइन काढण्याआधी लावायचं, काढल्यावर नाही.

मोठ्या माणसाला नॉर्मल सलाइन तासाला १ लिटर. काढायला दोन तासांहून जास्त लागणार असेल तर नंतर तासाला ५०० मिलि. मुलांना पहिले दोन तास किलोमागे १५ ते २० मिलि दर तासाला, मग १० पर्यंत खाली. म्हाताऱ्या माणसाला सुरुवातीपासून कमी. हात मोकळा असेल तर १८ नंबरची व्हेनफ्लॉन. हात सापडत नसेल तर हाडातून, पण दबलेल्या पायाच्या हाडातून नाही. ही चूक खरंच होते.

बाहेर काढल्यावर लघवीची नळी आणि दर तासाची नोंद. लघवी चांगली चालू असेल तर पहिल्या सहा तासांत एकूण तीन ते सहा लिटरपर्यंत जाता येतं. एवढं देऊनही लघवी नाही, आणि रक्तदाब ठीक आहे, तर हात आवरा. इथून पुढे पाणी ओतलं तर ते फुफ्फुसात. मॅनिटॉल (लघवी वाढवणारं औषध) लघवी होत असल्याशिवाय नको. आणि दबलेला पाय सुजलाय म्हणून ग्रामीण रुग्णालयात फॅशियोटॉमी (स्नायूवरचं आवरण कापून दाब मोकळा करणं) करू नका. बंद कातडीतला मेलेला स्नायू निर्जंतुक असतो, उघडलात की सेप्सिस.

पोटॅशियम मोजायचं मशीन वीज गेल्यावर चालत नाही, म्हणून ईसीजी. ईसीजीत टी ही लाट उंच टोकदार, क्यूआरएस ही लाट रुंद दिसली की रिपोर्टची वाट नको:
कॅल्शियम ग्लुकोनेट १०% १० मिलि, तीन-पाच मिनिटांत, ईसीजी सुधारला नाही तर पुन्हा. असर तासाभराचाच.
इन्सुलिन रेग्युलर १० युनिट आणि २५% डेक्स्ट्रोज १०० मिलि. पुढचे चार ते सहा तास दर तासाला साखर.
साल्ब्युटामोल १० ते २० मिग्रॅ नेब्युलायझरमधून. आपली रेस्प्यूल (नेब्युलायझरमध्ये टाकायची औषधाची कुपी) २.५ मिग्रॅची, म्हणजे चार ते आठ. एक रेस्प्यूल टाकून "दिलं" असं लिहिलेलं नेहमी दिसतं. एकाने काही होत नाही.

हे फक्त वेळ विकत घेतं. शेवटी डायलिसिस लागतं आणि तिथे लोक पाण्याचा हिशोब विसरतात. मिनिटाला ५०० मिलि या वेगाने चार तासांचं एक डायलिसिस म्हणजे शुद्ध केलेलं १२० लिटर पाणी, आणि आरओला त्याहून बरंच जास्त कच्चं पाणी. पुरानंतर नळ बंद असताना टँकर आधी डायलिसिसला की आधी छावणीला, हा प्रश्न जिल्ह्याच्या बैठकीत आजच विचारून ठेवा.

वेदना आणि काढण्यासाठी भूल: केटामाइन. वेदनेला शिरेतून किलोमागे ०.१ ते ०.३ मिग्रॅ, भूल द्यायची तर १ ते २. शीर नाही तर स्नायूत ४ ते ५. अडकलेल्या जागेत हेच, कारण श्वास टिकतो. रक्तस्राव असेल तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत, दुखापतीपासून तीन तासांच्या आत. तीन तासांनंतर नवीन सुरू करू नका, नुकसानच होतं. आपल्या ५०० मिग्रॅच्या दोन ॲम्प्युल.

ऑक्सिजनचं गणित भिंतीवर लावा. जंबो (डी टाइप) म्हणजे ७००० लिटर, लहान बी टाइप १५००. मिनिटाला १० लिटरने जंबो साडेअकरा तास, बी टाइप अडीच तास. चार रुग्ण, दहा लिटर, ४८ तास म्हणजे १,१५,२०० लिटर, सतरा जंबो. तुमच्या स्टोअरमध्ये किती आहेत ते उद्या सकाळी मोजा. म्हणून प्रत्येकाला १० लिटर लावायची सवय मोडा: ९४ च्या वर सॅच्युरेशन असेल तर कमी करा.

---

उधाणभरती

फार उपयोगी. एक शंका: आमच्याकडे एनएसपेक्षा (नॉर्मल सलाइन) आरएल (रिंगर लॅक्टेट) जास्त असतं. दबलेल्या रुग्णाला आरएल चालेल?

---

भूलवाला

आरएलमध्ये लिटरला ४ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, म्हणून ढिगाऱ्याखालच्या रुग्णासाठी मार्गदर्शक तत्त्वं एनएसच सांगतात. ४ हा आकडा स्वतः फार मोठा नाही. पण लघवी बंद झालेल्या माणसात कुठलंही पोटॅशियम आपणहून घालू नये असा नियम ठेवलेला बरा. तरीही एनएस संपलं, आरएलच आहे आणि माणूस कोरडा पडलाय, तर आरएल लावा. काहीच न लावण्यापेक्षा ते कधीही बरं. खरा उपाय इंडेंटमध्ये (औषधांच्या मागणीपत्रात) आहे: मे महिन्यात एनएसच्या शंभर बाटल्या वेगळ्या काढून वरच्या मजल्यावर. एका दबलेल्या रुग्णाला पहिल्या दिवशी सहा लिटर, म्हणजे ५०० च्या बारा बाटल्या.

---

टीसीएल

आपत्ती वैद्यक म्हणजे ट्रॉमा, ही समजूत शहरातली. आपल्याकडे पूर ओसरल्यावर आठवड्याने जे येतं ते जास्त माणसं पाडतं, आणि त्यासाठीचं प्रशिक्षण कोणी मागत नाही. मागायला हवं.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप. उद्भवन काळ २ ते ३० दिवस, बहुधा ५ ते १४. म्हणजे ओपीडीत ताप दिसू लागेल तेव्हा छावण्या उठलेल्या असतील. पोटऱ्या दुखणं, डोळे लाल पण चिपडं नाहीत, प्लेटलेट खाली, लघवी कमी: एवढ्यावर उपचार सुरू. पहिल्या पाच-सात दिवसांत आयजीएम (रक्तातल्या प्रतिद्रव्याची चाचणी) निगेटिव्ह येतो, त्याला धरून बसू नका. सौम्य असेल तर डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सात दिवस. गंभीर असेल तर सेफ्ट्रायॅक्सोन १ ग्रॅम रोज. आणि खोकल्यात रक्त दिसलं की तो लाल रुग्ण, सॅच्युरेशन कितीही चांगलं असो.

प्रतिबंधाला डॉक्सी २०० मिग्रॅ आठवड्यातून एकदा, चिखलात उतरणाऱ्यांना, उतरत असतील तोवर. बचाव पथक, सफाई कर्मचारी, शेतकरी. भरल्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर, गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका भाजते. गरोदर बाया आणि आठ वर्षांखालची मुलं यांना नाही. वाटप करताना यादी हवी, नाहीतर तोच माणूस तीनदा घेतो आणि गाळ उपसणाऱ्यांना मिळत नाही.

पाणी. ३३ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर १००० लिटरला ५ ग्रॅम. विहिरीचं पाणी: ३.१४ × व्यास × व्यास × पाण्याची खोली ÷ ४, मीटरमध्ये मोजून आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर. तीन मीटर व्यास, चार मीटर पाणी म्हणजे २८,२६० लिटर, पावडर सुमारे १४० ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचंच पाणी विहिरीत. तासाभराने ओटी (पाण्यातला मोकळा क्लोरीन बघायची चाचणी). रंग काही सेकंदांत बघायचा. ट्यूब हातात धरून गप्पा मारल्यावर पिवळं गडद झालं तर तो मोकळा क्लोरीन नाही.

दोन गोष्टी इथे चुकतात. पोतं उघडं राहिलं की पावसाळ्यात पावडर लवकर मरते. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर मापाने टाकूनही ओटी शून्य येते आणि लोक ग्रामसेवकाला दोष देतात. आणि जांभ्यातल्या विहिरीत पावसात पाणी सतत झिरपून बदलत राहतं, सकाळचा क्लोरीन संध्याकाळी नसतो. रोज टाकायचं. छावणीत माणशी रोज १५ लिटर आणि वीस माणसांमागे एक शौचालय हे ध्येय; पहिल्या दिवसांत पन्नासांमागे एक तरी.

मृतदेह. मार लागून मेलेल्यांच्या प्रेतांमुळे साथ येत नाही. या भीतीपोटी घाईने अंत्यविधी होतात आणि मग वर्षानुवर्षं कुटुंबं कागदासाठी फिरतात. उष्ण हवेत १२ ते ४८ तासांत चेहरा ओळखण्यापलीकडे जातो. म्हणून मिळाल्याबरोबर फोटो: चेहरा, पूर्ण शरीर, खुणा, कपडे. एकच क्रमांक फोटोत, देहावर आणि पिशवीवर, तिन्हीकडे, प्लास्टिकमध्ये. २ ऑगस्ट २०१६ ला महाडचा सावित्रीचा पूल वाहून गेला तेव्हा देह खाडीने वाहत दूरच्या किनाऱ्यांवर लागले. अशा वेळी तीन पोलीस ठाण्यांत तीन वेगळे क्रमांक पडतात. क्रमांकाची एकच वही कोणाकडे, हे आधी ठरवा. फक्त चेहऱ्यावरून देह सोपवू नका. डीएनएसाठी नमुना ठेवलेला असेल तर नंतरची भांडणं मिटतात.

सापांचंही सांगतो, पुरात ते घरात येतात. एएसव्ही (सर्पविषावरचं प्रतिविष) सुरुवातीला ८ ते १० व्हायल, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण विष तेवढंच असतं. ॲड्रिनॅलिन भरून शेजारी. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी स्वच्छ कोरड्या काचेच्याच नळीत; प्लास्टिकमध्ये चुकीचं उत्तर येतं. या विषयांत बाहेर बघायची गरज नाही, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून जगाला दाखवलं ते याच पट्ट्यातून.

---

खलाशी

ऑपरेशनल मेडिसिनबद्दल कोणी फारसं बोललं नाही. त्यात तुमचा रुग्ण म्हणजे बचाव पथक. एनडीआरएफची ५ वी बटालियन पुण्याजवळ, तिचं एक पथक साधारण ४५ जणांचं. ते घाट उतरून येतं तेव्हा आधीच रात्रभर जागं असतं. त्यांचे पाय, पाणी आणि झोप हे तुमचं काम. दर १५-२० मिनिटांनी पाव लिटर पाणी, रबरी रेनकोटमध्ये दमट हवेत पावसातही उष्माघात होतो. ओले बूट दिवसातून दोनदा काढून पाय कोरडे. टीटी आणि हिपॅटायटिस बी झालंय का, हे उतरतानाच विचारा. बारा तासांहून जास्त कोणीच नाही, तुम्हीसुद्धा. दमलेला डॉक्टर डोसच्या चुका करतो.

दुसरा विषय वायू, आणि यासाठी दोन दिवसांचा एएचएलएस (घातक रसायनांच्या रुग्णांवरचे उपचार) जरूर करा. लोटे परशुराम, महाड, रोहा इथल्या रासायनिक वसाहतींमुळे नव्हे फक्त. ट्रॉलरच्या मासे ठेवायच्या खणात कुजलेल्या माशांमधून हायड्रोजन सल्फाइड जमतो, ऑक्सिजन संपतो. एक खलाशी उतरतो, पडतो, दुसरा वाचवायला उतरतो, तोही पडतो, मग तिसरा. सडक्या अंड्याचा वास बंद झाला म्हणजे वायू गेला असं नाही. जास्त प्रमाणात नाकच बधिर होतं. नियम एकच: हवा पुरवणारा मुखवटा आणि कमरेला दोरी असल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, डॉक्टर तर नाहीच. साध्या मास्कने काही होत नाही. बंदरावर हे सांगायला चार्ट नको, सोसायटीच्या बैठकीत दहा मिनिटं पुरे.

क्लोरीन गळतीत आधी कपडे काढा, मगच वॉर्ड. कपड्यांबरोबर बहुतेक विष निघून जातं. डोळे १५ मिनिटं वाहत्या पाण्याने. ऑक्सिजन, साल्ब्युटामोल. आणि जो "बरा आहे" म्हणतो त्याला २४ तास सोडू नका, फुफ्फुसात पाणी उशिरा भरतं. धुण्याची जागा रुग्णालयाच्या बाहेर आणि तिथून वारा रुग्णालयाकडे येणार नाही अशा बाजूला. कॅज्युअल्टीच्या दारातच कपडे काढले तर पुढचा तास कॅज्युअल्टी बंद.

समुद्रावर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. मोबाइल टॉवर जातात हे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दाखवलं. पोलीस ठाण्याचा वायरलेस चालू असतो, म्हणून रुग्णालयातून ठाण्यापर्यंत निरोप्या म्हणून कोण पळणार त्याचं नाव लिहून ठेवा. गंमत नाही, हेच चालतं.

बुडालेल्याला आधी श्वास, मग छातीवर दाब. आजकाल सगळे फक्त दाबत बसतात.

---

घाटवळण

कोर्स संपल्यावर दोन महिन्यांत हातचं जातं, म्हणून टेबलावरचा सराव. महागडं काही लागत नाही. मोठ्या कागदावर तालुक्याचा नकाशा, बारा माणसं, दीड तास. तहसील, पोलीस, एसटी डेपो, १०८ चा चालक, दोन परिचारिका, स्टोअर सांभाळणारा, आशा, सरपंच, आपदा मित्र (आपत्तीसाठी प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक). स्टोअरवाला हवाच, किल्ली त्याच्याकडे असते.

परिस्थिती अशी द्या: श्रावणातली अमावास्या, रात्री साडेदहाला भरती, वरून धरणाचा विसर्ग. भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवून. भरत्या साधारण साडेबारा तासांच्या अंतराने आणि रोज पाऊण-एक तास उशिरा येतात, त्यामुळे पाणी कधी उतरेल आणि ॲम्ब्युलन्स कधी सुटेल हे आधीच सांगता येतं. ते कोणी बघत नाही. मग दर दहा मिनिटांनी एक चिठ्ठी. "दरड, तीस माणसं खाली." "पूल बंद." "वीज गेली." "सिझरची बाई, तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह." "आमदार आणि तीन कॅमेरे कॅज्युअल्टीत." शेवटची चिठ्ठी हसण्यावारी नेऊ नका, सर्वात जास्त वेळ तीच खाते. दारावर कोणाला सोडायचं आणि बातमीदारांशी कोण बोलणार, हे ठरलं नसेल तर ट्रायज अधिकारीच बोलत बसतो.

सराव झाल्यावर फक्त तीन चुका लिहा, प्रत्येकीपुढे माणसाचं नाव आणि तारीख. पन्नास सूचनांचा अहवाल कोणी वाचत नाही.

टॅग छापून घेताना एक: कागदी टॅग पावसात लगदा होतो आणि बॉलपेन ओल्यावर उठत नाही. लॅमिनेट, ग्रीसची पेन्सिल, आणि बांधायला इलेक्ट्रिशियनचे नायलॉन टाय. मनगटाला, कपड्याला नाही. कपडे कापले जातात.

---

उधाणभरती

मग एनईएलएस खात्यातून, एटीएलएस आणि एचमिम्स रजेत, एएचएलएस जमलं तर. सराव एप्रिलअखेर, कारण मे महिन्यात सगळे लग्नांत. जनरेटर तळमजल्यावर आहे, त्याचं काय करू? हलवायला मंजुरी लागेल.

---

भूलवाला

मंजुरी येईपर्यंत चौथरा उंच करा, मागच्या पुराची रेघ भिंतीवर असेल तिच्या दोन फूट वर. तेही नाही जमलं तर निदान बदलाचा स्विच आणि बॅटरी वर न्या. इंजिन पाण्यात भिजून वाळवता येतं, पॅनेल जळतं. २५ केव्हीएचा सेट पाऊण भारावर तासाला अंदाजे ५ लिटर डिझेल पितो, ४८ तासांना २४० लिटर. पंपावर वीज नसेल तर डिझेल मिळत नाही, म्हणून कॅन आधीच भरून, सावलीत, ऑक्सिजनच्या खोलीपासून लांब. लसींचा फ्रिज (आयएलआर) पहिला जोडा, एसी कधीच नाही. आणि जनरेटरचा धूर ज्या खिडकीतून आत येतो ती कोणत्या वॉर्डची आहे ते बघून ठेवा, बंद खिडक्यांच्या रात्री कार्बन मोनॉक्साइडचे रुग्ण तुमच्याच वॉर्डातले असतील.